डावा हात, उजवा हात

(दृश्य: वर्कशॉप. बेंचवर ओळीने व्हाइस. फक्त कानशींचा आवाज, पंधरा सेकंद.)

सकाळचे साडेआठ वाजलेत. सोलापुरातल्या एका आयटीआयचं हे फिटर वर्कशॉप. वीस पोरं, वीस व्हाइस, म्हणजे बेंचवरच्या पकडी, आणि प्रत्येक व्हाइसमध्ये माइल्ड स्टीलचा एकेक तुकडा. इथे त्याला जॉब म्हणतात. जॉबची एक बाजू कानशीने घासून सपाट करायची, एवढंच काम. ऐकायला सोपं वाटतं. पण ट्राय स्क्वेअर, म्हणजे गुण्या, लावून जॉब उजेडाकडे धरला की पात्याखालून दोन्ही कडांना उजेड डोकावतो. म्हणजे जॉब मध्ये फुगलाय आणि कडांना उतरलाय. पोराची कानस झोके खातेय.

हे सर बावीस वर्षं फिटर ट्रेड शिकवतायत. इतकी वर्षं ते पोरांना एकच सांगत आले, "हात सरळ ठेव रे." पोरं जीव तोडून हात सरळ ठेवायची. जॉब फुगायचाच.

(दृश्य: टूलबॉक्सला टेकवून ठेवलेला मोबाईल.)

गेल्या वर्षी सरांनी शिक्षकांसाठीचा एक ऑनलाइन कोर्स केला. त्यात एक साधा गृहपाठ होता. आपलं दहा मिनिटांचं प्रात्यक्षिक मोबाईलवर रेकॉर्ड करा आणि स्वतः बघा. सरांनी मोबाईल असाच टूलबॉक्सला टेकवला आणि रात्री घरी बसून पाहिलं. व्हिडिओत त्यांची पाठ दिसत होती. सगळा जॉब त्या पाठीने झाकलेला. मागच्या दहा पोरांना इतकी वर्षं सरांचा खांदा दिसत होता आणि कानशीचा आवाज ऐकू येत होता.

मग त्यांनी व्हिडिओ थांबवून थांबवून आपले हात पाहिले. कानस पुढे सरकवायला सुरुवात करताना जोर डाव्या हाताचा, कानशीच्या टोकावर. मध्यावर दोन्ही हातांचा सारखा. शेवटाकडे जोर उजव्या हातावर, मुठीकडे. जोर असा सरकत गेला तरच कानस आडवी राहते. त्यांच्या हातांना हे बावीस वर्षं ठाऊक होतं, तोंडातून मात्र एकदाही निघालं नव्हतं.

आमच्या या माहितीपटाचा विषय एवढाच आहे. काम येणं ही एक विद्या आहे आणि ते काम दुसऱ्याला येईल असं शिकवणं ही दुसरी. आयटीआयमध्ये माणूस शिकवायला येतो तो पहिलीच्या जोरावर. दुसरी त्याला कोण देणार?

हा प्रश्न देशाला नवा नाही. कारागीर प्रशिक्षण योजना १९५० साली सुरू झाली. निदेशक, म्हणजे आयटीआयचे शिक्षक, घडवण्यासाठी पहिली केंद्रीय संस्था त्याच्याही आधी, १९४८ साली, बिलासपूरजवळ कोनीला उभी राहिली. आज हे काम राष्ट्रीय कौशल्य प्रशिक्षण संस्था करतात. तिथला सीआयटीएस हा निदेशकांसाठीचा एक वर्षाचा अभ्यासक्रम आहे. त्यात ट्रेडच्या जोडीने शिकवण्याची पद्धतही शिकवतात.

(दृश्य: सोलापूर स्टेशन, रात्र. फलाटावर गाडी.)

आता सोलापूरचा विचार करा. यातली एक संस्था मुंबईत, चुनाभट्टीला आहे. रात्री सिद्धेश्वर एक्स्प्रेस धरली की सकाळी मुंबई. पण वर्षभर राहायचं कसं? घर, म्हातारे आईवडील, मुलांच्या शाळा. आणि जे तासिका तत्त्वावर शिकवतात, त्यांचं तर तास घेतला तरच मानधन. त्यांच्यासाठी चुनाभट्टी साडेचारशे किलोमीटरहून फार लांब आहे.

ऑनलाइन कोर्सने सीआयटीएसची जागा घेतलेली नाही आणि घेऊही नये असं आम्हाला वाटतं. पण ज्यांना गाव सोडता येत नाही, त्यांच्यासाठी एक दार उघडलं. केंद्र सरकारचं 'स्वयम' हे ऑनलाइन कोर्सचं व्यासपीठ ९ जुलै २०१७ रोजी सुरू झालं. त्यातल्या कोर्सचे चार भाग असतात. व्हिडिओ व्याख्यान, वाचायचं साहित्य, स्वतःची चाचणी आणि शंका विचारायची जागा. शिकायला पैसे पडत नाहीत, प्रमाणपत्राच्या परीक्षेची फी मात्र वेगळी. पॉलिटेक्निक आणि इंजिनिअरिंगच्या नव्या शिक्षकांसाठी एआयसीटीईने, म्हणजे तंत्रशिक्षणाच्या अखिल भारतीय परिषदेने, आठ मोड्यूल आखलेत. पाठाची आखणी कशी करायची, मुलांचं मूल्यमापन कसं करायचं, हे त्यात येतं. आयटीआयसाठी 'भारत स्किल्स' हे ऑनलाइन व्यासपीठ आहे. आयटीआयची पुस्तकं काढणाऱ्या चेन्नईच्या 'निमी' या सरकारी संस्थेची पुस्तकं तर इथल्या प्रत्येक निदेशकाच्या टेबलावर असतात. २०२० साली टाळेबंदीत वर्कशॉपला कुलूप लागलं, तेव्हा मोबाईलवर शिकवायची वेळ प्रत्येकावर आली. शिकवणं म्हणजे नेमकं काय, हा प्रश्न अनेकांना त्या महिन्यांत पहिल्यांदा पडला.

(दृश्य: स्वयंपाकघर. ओट्यावर मोबाईल. रात्रीचे दहा.)

या मॅडम शिवणकामाचा ट्रेड शिकवतात, तासिका तत्त्वावर. सोलापुरात युनिफॉर्मचे कारखाने आहेत, त्यामुळे त्यांच्या मुलींना हाताला काम मिळण्याची आशा असते. मॅडम भाकरी-कालवण उरकून कोर्स बघतात. व्याख्यान इंग्रजीत आहे. एक वाक्य, थांबवायचं, वहीत मराठीत लिहायचं, पुढचं वाक्य. वीस मिनिटांच्या व्हिडिओला दीड तास जातो. आणि सकाळी वर्गात अर्ध्या मुली घरी तेलुगू बोलणाऱ्या, काही कानडी. म्हणजे इंग्रजीत ऐकलेलं मराठीत उतरवून तेलुगू कानांपर्यंत पोचवायचं.

आम्ही इथे स्पष्ट बोलतो. शिक्षकांसाठीचे हे कोर्स मराठीत फार कमी आहेत आणि ही उणीव किरकोळ नाही. कॉलर नीट बसवायला शिकवणाऱ्या बाईला शिकवण्याचं शास्त्र तिच्या भाषेत मिळायला हवं. तो तिचा हक्क आहे.

दुसरी गोष्टही बोलायला हवी. व्हिडिओ दुप्पट वेगाने पळवून, प्रश्नांची उत्तरं ग्रुपवरून घेऊन प्रमाणपत्रं गोळा करणारेही आहेत. त्यांच्या फाइली जाड होतात, वर्ग होता तिथेच राहतो. मॅडमच्या वहीची पानं बघितली की हा फरक कळतो.

(दृश्य: वर्कशॉप. पोरं सरांभोवती अर्धगोल करून.)

परत फिटरच्या वर्गात. सर आता बेंचच्या पलीकडे, पोरांकडे तोंड करून उभे राहतात. आधी ते नेहमीच्या वेगाने काम करून दाखवतात, एक शब्दही न बोलता. मग तेच सावकाश, प्रत्येक टप्पा सांगत. तिसऱ्या खेपेला गंमत येते. आता पोराने सांगायचं आणि सरांनी फक्त तेवढंच करायचं.

"सर, डावा पाय पुढं." सर पाय पुढे घेतात.

"कानस पुढं ढकला." सर ढकलतात.

"आता मागं घ्या." सर कानस तशीच दाबून मागे ओढतात. चरचर आवाज होतो.

"तसं नाही सर! दाब काढा की!"

कानस पुढे जाताना कापते. मागे येताना दाबून घासली तर तिचे दात मरतात. सरांनी हे शंभरदा सांगितलं असेल. आज ते पोराच्या तोंडून निघालं, म्हणजे पक्कं झालं. चौथ्या खेपेला कानस पोराच्या हातात.

वेल्डिंगच्या ठिणगीची धग पडद्यावर कळत नाही, लोखंड हाताला किती तापलंय तेही कळत नाही. त्याला वर्कशॉपच हवं. पण सरांनी आता प्रत्येक बेंचवर एक क्यूआर कोड चिकटवलाय. मोबाईल धरला की सरांचं ते प्रात्यक्षिक, मराठीत, हवं तितक्यांदा. क्यूआर कोडची ही वाट आपल्याच जिल्ह्यात आधी मळलेली आहे. माढा तालुक्यातल्या परितेवाडीच्या शाळेत रणजितसिंह डिसले यांनी पाठ्यपुस्तकांना क्यूआर कोड जोडले. २०२० साली त्यांना ग्लोबल टीचर प्राइझ मिळालं, तेव्हा निम्मी रक्कम त्यांनी अंतिम फेरीतल्या इतर नऊ शिक्षकांना वाटून दिली.

(दृश्य: सोलापूरचा पूर्व भाग. यंत्रमागाचा कारखाना. खटखट, खटखट.)

"दाब काढा" म्हणणाऱ्या त्या पोराचे वडील पूर्व भागात जॉबर आहेत. बिघडलेला माग दुरुस्त करतात. चार माग एकदम चालू असताना कुठला आजारी आहे, हे त्यांना नुसत्या आवाजावरून कळतं. कसं कळतं विचारलं तर म्हणतात, "कळतं. कानाला सवय झालीय."

आज रविवार. पोरगं मोबाईल घेऊन मागाजवळ उभं आहे.

"पप्पा, माग चालू करा. काही बोलू नका. ... आता बंद करा. आता परत, सावकाश, आणि कुठं काय ऐकू आलं ते सांगा."

वडील मागावर, आडवं सूत नेणाऱ्या धोट्याजवळ, हात ठेवतात. बराच वेळ गप्प राहतात. ओठ हलतात, शब्द येत नाही.

"धोटा डावीकडं पोचतो ना," ते शेवटी म्हणतात, "तेव्हा ठक् व्हायला पाहिजे. हा ठप् करतोय."

पोरगं मोबाईल आणखी जवळ नेतं. "परत सांगा."