रात्री तीन वाजता कोण उठणार?

डिस्चार्जच्या दिवशी वॉर्डात काय चालतं, ते तुम्ही पाहिलंच असेल. एक जण बिलाच्या खिडकीवर, दुसरा गाडी बघायला खाली, आणि ज्याला घरी न्यायचं तो कपडे बदलून कॉटच्या कडेला बसलेला. तेवढ्यात सिस्टर येते, पाच मिनिटांत औषधं समजावते आणि विचारते, "कळलं ना?" सगळे माना डोलावतात. ती सिस्टर मी कित्येक वर्षं होते, म्हणून सांगते, त्या माना खऱ्या नसतात. आपल्या माणसाला घरी न्यायची घाई असते, बस.

आता मी घरी जाऊन पेशंट बघते. पहिल्या भेटीत माझा प्रश्न ठरलेला असतो: रात्री तीन वाजता यांना लघवीला लागली तर कोण उठणार? उत्तरही ठरलेलं, "आम्ही आहोत की सगळे!" सगळे आहेत म्हणजे नेमकं कुणीच नाही.

खुब्याचं ऑपरेशन झालेल्या एका आजींचा वॉकर रात्री भिंतीला टेकवून ठेवायचे, येण्याजाण्याच्या वाटेत येतो म्हणून. कॉटपासून तीन पावलांवर. लेक शेजारच्याच खोलीत होती, पण दिवसभर राबलेल्या मुलीला हाक मारायचं आजींच्या जिवावर आलं. त्या एकट्या उठल्या आणि पडल्या. चूक कुणाची म्हणायची? वॉकर हाताशी असता आणि उशाशी एक साधी घंटा असती, तर हा प्रश्नच आला नसता.

म्हणून माझं सांगणं असं की डिस्चार्जच्या दोन दिवस आधी एक कागद घ्या आणि चोवीस तासांचे रकाने पाडा. डिस्चार्ज कार्डावर आजार असतो, औषधं असतात, तास नसतात. 'दर दोन तासांनी कूस बदला' हे लिहायला एक ओळ पुरते. करायचं म्हटलं की ते दिवसातून १२ वेळा होतं. रात्री १२, २, ४ आणि ६, म्हणजे चारदा गजर. हे एकाच माणसानं आठवडाभर केलं तर पुढच्या आठवड्यात मला दोन पेशंट बघावे लागतात. एअर बेडवर हे अंतर वाढवता येईल का, ते डॉक्टरांना आधीच विचारा. न विचारता वाढवू नका, बेडसोर, म्हणजे एकाच कुशीवर पडून राहून होणारी जखम, व्हायला वेळ लागत नाही, भरायला महिने जातात.

कागद भरला की आणखी एक गोष्ट लक्षात येते. लोक अटेंडंट दिवसाचा ठेवतात आणि खरी गरज रात्रीची असते. शिवाय अटेंडंट म्हणजे नर्स नव्हे. आंघोळ, भरवणं, कूस बदलणं हे तिचं काम. इंजेक्शन, जखमेचं ड्रेसिंग, लघवीची नळी बदलणं यासाठी शिकलेलाच माणूस हवा.

जे घरी करायचं ते वॉर्डात स्वतःच्या हातानं करून दाखवा, सिस्टर शेजारी उभी असताना. नुसतं बघून येत नाही. नाकातल्या नळीतून भरवताना डोक्याकडची बाजू ३० ते ४५ अंश उचललेली हवी आणि नंतरही निदान अर्धा तास तशीच. एका घरी लघवीची पिशवी पेशंटच्या शेजारी गादीवर छान घडी करून ठेवलेली पाहिली. टापटीप फार! पण पिशवी मूत्राशयाच्या खाली लटकायला हवी, जमिनीला न टेकता, नाहीतर लघवी उलटी फिरते.

औषधांचं तर विचारूच नका. घरात जुना डबा असतो, हॉस्पिटलातून नवी पिशवी येते. रक्तदाबाची तीच गोळी दोन कंपन्यांच्या दोन नावांनी चालू असलेली मी पाहिली आहे. 'चालू', 'बंद' आणि 'नवीन' अशा तीन याद्या डॉक्टरांकडूनच करून घ्या.

घरी आला म्हणजे बरा झाला, असं नसतं. झोपमोड, अर्धपोटी दिवस, पडून राहून गेलेली ताकद, हे सगळं घेऊन माणूस घरी येतो. २०१३ साली हार्लन क्रुमहोल्झ या डॉक्टरांनी या नाजूक काळाला नावच दिलं, पोस्ट-हॉस्पिटल सिंड्रोम. पुन्हा भरती व्हावं लागतं ते पुष्कळदा भलत्याच कारणानं. मेरी नेलर या नर्स-संशोधकांनी अमेरिकेत वयस्क पेशंटवर अभ्यास केला, तो १९९९ साली छापून आला. हॉस्पिटलातच ओळख झालेली नर्स डिस्चार्जनंतर चार आठवडे लक्ष ठेवत होती. २४ आठवड्यांत पुन्हा भरती होणाऱ्यांचं प्रमाण एरवी ३७ टक्के होतं, या गटात २० टक्के. औषध काही वेगळं नव्हतं बरं का. तुम्हाला अशी नर्स मिळेलच असं नाही. पण अडलं तर फोन कुणाला करायचा, ते नाव आणि नंबर लिहून घेतल्याशिवाय वॉर्ड सोडू नका.

आणि तो कागद भरताना पेशंटला शेजारी बसवा. अर्धांगवायू झालेल्या एका काकांनी माझ्या हातातून पेन घेतलं आणि डाव्या हातानं, वाकड्यातिकड्या अक्षरांत, दुपारी चार ते पाचच्या रकान्यात लिहिलं: 'कोणी नको.' बायको जरा दुखावली. मग तिनं विचारलं, "घंटा तरी हाताशी ठेवू ना?" त्यांनी मान हलवली. ही मान मात्र खरी होती.