नवख्यांना घेऊन नदीत उतरताना

(महाविद्यालयीन साहस गटांच्या प्रमुखांसमोर दिलेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

मित्रहो,

तुम्ही बहुतेक सगळे डोंगरातले. पंचवीस-तीस मुलांना गडावर नेऊन सुखरूप खाली आणणं तुमच्या अंगवळणी पडलंय. आता तुमच्या गटांना कयाकिंग, म्हणजे लहान अरुंद होडी वल्हवत जाणं, करायचंय, आणि सगळ्यांच्या तोंडी पहिलं नाव असतं कोलाडच्या कुंडलिका नदीचं. म्हणून आज तिच्याबद्दलच बोलतो.

डोंगरात कुणी दमलं तर त्याला सावलीत बसवता येतं, घोटभर पाणी पाजता येतं, हवं तर अर्ध्यातून परतता येतं. वाहत्या पाण्यात तशी सोय नाही. आपण विचार करत असतो तेव्हाही धार आपल्याला पुढे नेत असते. त्यामुळे इथले महत्त्वाचे निर्णय काठावरच आणि शक्यतो आदल्या दिवशी झालेले असावेत, असं माझं ठाम मत आहे.

नदीचं मूळ विचारू नये म्हणतात. कयाक घेऊन जाणाऱ्याने मात्र आधी तेच विचारायचं. कोकणातल्या कितीतरी नद्या उन्हाळ्यात डबक्यांवर येतात, पण कुंडलिका भर मे महिन्यातही वाहते. कारण तिच्यात घाटमाथ्यावरचं पाणी येतं. मुळा नदी खरी पूर्वेकडे जाणारी. तिचं पाणी भीमेतून कृष्णेला आणि पुढे बंगालच्या उपसागराला मिळायचं. ते मुळशीला धरण बांधून अडवलं आणि सह्याद्रीतून बोगद्याने, नळांनी खाली भिऱ्याच्या वीजघरात आणलं. हे वीजघर १९२७ सालचं. तिथून सुटलेलं पाणी रावळजेमार्गे कुंडलिकेतून कोलाड, रोहा करत रेवदंड्याला अरबी समुद्राला मिळतं. १९२१ साली सेनापती बापटांच्या नेतृत्वाखाली मुळशीच्या मावळ्यांनी सत्याग्रह केला तो याच धरणाविरुद्ध. आपण ज्या पाण्यावर हौसेने कयाक घालतो, त्याच्यासाठी कुणाची तरी भातखाचरं आणि घरं बुडाली आहेत. मुलांना नदीत उतरवण्याआधी हे जरूर सांगा.

आता याचा आपल्या बेताशी संबंध काय? या नदीचं वेळापत्रक विजेच्या मागणीवर चालतं. पाणी सहसा सकाळी सोडतात आणि राफ्टिंगवाल्यांचा, म्हणजे मोठ्या रबरी होड्यांतून लोकांना नेणाऱ्यांचा, दिवसही त्याच हिशेबाने आखलेला असतो. पाणी थांबलं की काही तासांत खडक उघडे पडतात आणि पोरं त्यांवर चढून फोटो काढायला लागतात. घोटाभर पाण्यात उभं असताना वरून पुन्हा पाणी सोडलं, तर काठ गाठायला पुरेसा वेळ मिळतोच असं नाही. तेव्हा आज पाणी कधी सुटणार, किती वेळ चालणार आणि आपण उतरणार त्या ठिकाणी ते किती वेळात पोचणार, हे रोज नदीवर असणाऱ्यांकडून त्याच दिवशी विचारून घ्या. गेल्या महिन्यात मिळालेलं उत्तर आज चालत नाही. कोरड्या दिसणाऱ्या पात्रात डबे उघडून जेवायला तर कुणी बसूच नये.

पावसाळ्यात नवख्यांना नदीत न्यायचं नाही, एवढंच. कोलाडला ऊन असतं तेव्हा ताम्हिणीच्या घाटमाथ्यावर धो धो कोसळत असू शकतं, आणि ते पाणी खालीच येणार असतं.

मग टप्पा कुठला निवडायचा? राफ्टिंगचा वरचा टप्पा साधारण १२ ते १४ किलोमीटरचा आहे. वाहत्या पाण्याची प्रतवारी १ (सर्वांत सोपं) ते ६ (सर्वांत अवघड) अशी करतात, त्यात हा टप्पा २ ते ३ मध्ये येतो. अनुभवी गाइड असलेल्या मोठ्या राफ्टमधून नवखा माणूस तिथून मजेत जातो. एकट्या कयाकमध्ये तोच माणूस पहिल्या खळाळातच उलटतो आणि पुढच्या खळाळाआधी त्याला सावरायला वेळ मिळत नाही. पहिल्या दिवसासाठी खालचं संथ पाणी आणि तीन-चार किलोमीटरचं अंतर भरपूर झालं. दुपारनंतर समुद्राकडून वारा सुटतो. समोरून येणाऱ्या त्या वाऱ्यात सकाळी सोपं वाटलेलं अंतर हात भरून आणतं. रोह्याखाली नदीची खाडी होते, म्हणजे तिथे भरती-ओहोटीचंही गणित मांडावं लागतं.

आणि मला सर्वांत जास्त धास्ती वाटते ती बंधाऱ्याची. कोलाडजवळ डोलवहाळचा बंधारा आहे, आणि लहानसहान बंधारे तर आपल्या जवळपास प्रत्येक नदीवर आहेत. कयाकमध्ये बसल्यावर डोळे पाण्यापासून जेमतेम हातभर वर असतात. तिथून बंधारा दिसतच नाही, फक्त पाणी एका सरळ रेषेत संपल्यासारखं वाटतं. पलीकडे कोसळलेलं पाणी तळाशी जाऊन वर येतं आणि पृष्ठभागावरून पुन्हा भिंतीकडे वळतं. त्यात सापडलेला माणूस वर येतो, भिंतीकडे ओढला जातो, परत खाली जातो. लाइफ जॅकेट असूनही. नैसर्गिक खळाळात बाजूने निसटायला कुठेतरी फट असते. बंधारा या काठापासून त्या काठापर्यंत सारखा बांधलेला, त्यामुळे ती फटही नसते. उंची कमरेएवढीच असली तरी फसू नका. नदीतून बाहेर पडायची जागा बंधाऱ्याच्या बरीच अलीकडे ठरवा. तिथे रंगीत कापड बांधा, काठावर एक माणूस उभा करा आणि सहलीपूर्वी प्रत्येकाला ती जागा चालत नेऊन दाखवा.

गावातल्या मासे धरणाऱ्यांशीही बोला. मागच्या पुरात झाड कुठे अडकलंय, जाळी कुठे लावली आहेत, पंपाच्या तारा कुठून गेल्या आहेत, हे नकाशात सापडणार नाही. पाण्यात पडलेल्या झाडाच्या फांद्यांतून पाणी निघून जातं, माणूस मात्र अडकून राहतो.

सामानाबद्दल थोडक्यात. नवख्यांना वर बसायची उघडी कयाक द्या. उलटली तरी माणूस आपोआप बाजूला होतो, आत अडकत नाही. जॅकेट प्रत्येकाच्या मापाचं हवं. सगळे पट्टे आवळल्यावर खांद्याशी धरून जॅकेट वर ओढून बघायचं. ते कानापर्यंत सरकलं तर ते त्या माणसाचं नव्हे. खडकाळ वाहत्या पाण्यात हेल्मेट हवंच. पायात घट्ट बसणारे बूट किंवा सँडल, स्लिपर अजिबात नको.

दोन गोष्टी मात्र उथळ, संथ पाण्यात प्रत्येकाकडून करून घ्या, नुसत्या सांगून भागत नाही. पहिली, पाण्यात पडल्यावर उताणं व्हायचं, पाय वर आणि वाहत्या दिशेला. गुडघ्याच्या वर वाहतं पाणी असेल तर उभं राहायचा प्रयत्न करायचा नाही. पाऊल दगडांच्या बेचक्यात अडकलं की पाणी पाठीवर दाब देऊन माणसाला पुढे पाडतं आणि डोकं पाण्याखाली धरून ठेवतं. दुसरी गोष्ट मनाविरुद्धची आहे. कयाक आडवी होऊन खडकावर आदळायला लागली की माणूस घाबरून खडकापासून लांब, म्हणजे प्रवाहाच्या वरच्या अंगाला झुकतो. त्या बाजूची कड खाली जाते, पाणी तिच्यावर चढतं आणि कयाक उलटून खडकाला चिकटते. त्या क्षणी खडकाकडे झुकायचं, दोन्ही हातांनी त्याला चक्क कवटाळायचं. हे ऐकून सगळे माना डोलावतात, पण करून बघितल्याशिवाय कुणाचंही शरीर ते ऐकत नाही.

फेकायच्या दोरीची पिशवी प्रत्येक प्रशिक्षकाकडे हवी, आत १५ ते २० मीटर तरंगणारी दोरी. आधी हाक मारून पाण्यात पडलेल्याचं लक्ष वेधायचं, मग फेकायची. दोरी धरणाऱ्याने ती स्वतःच्या कमरेला कधीही बांधू नये.

माणसं निवडताना संकोच करू नका. पोहता येतं का, पूर्वी खांदा निखळला होता का, दमा किंवा फिट येते का, हे एकेकट्याला बाजूला घेऊन विचारा. चारचौघांत कुणी खरं सांगत नाही. पोहता येतं म्हणणाऱ्यांनाही जॅकेट घालून संथ डोहात उतरवून बघा. चार-पाच नवख्यांमागे एक प्रशिक्षक, सर्वांत पुढे एक जाणता आणि सर्वांत मागे एक जाणता, त्यांना ओलांडून कुणी पुढे जायचं नाही की मागे रेंगाळायचं नाही. खुणा ठरलेल्या हव्यात. पॅडल (वल्हं) डोक्यावर आडवं धरलं तर थांबा, उभं धरलं तर या, शिट्टी तीनदा वाजली तर मदत हवी. आणि काठावर येऊन कुणी “मला नको वाटतंय” म्हणालं, तर त्याची समजूत घालू नका. गाडीबरोबर खाली जाऊन कपडे, पाणी सांभाळायलाही माणूस लागतोच.

बाहेरच्या संस्थेकडून सहल करणार असाल तर राज्याच्या २०२१ च्या साहसी पर्यटन धोरणाखाली पर्यटन संचालनालयाकडे झालेली नोंदणी दाखवायला सांगा. त्यात कुणाचा अपमान नाही.

शेवटी, निघण्याआधी एक चिठ्ठी काठावर राहणाऱ्या माणसाच्या हातात द्या. तिच्यावर सगळ्यांची नावं, कुठे उतरलो, कुठे बाहेर पडणार, किती वाजेपर्यंत, आणि त्यानंतर किती मिनिटांनी त्याने ११२ ला फोन करायचा, हे लिहा. रुग्णवाहिकेसाठी १०८. दोन्ही फोन कुठून लागतात, हे रेंज बघून आधीच ठरवा, आणि जवळच्या दवाखान्याचा रस्ता गाडीच्या ड्रायव्हरला दाखवून ठेवा.