अभिप्रायाचा फॉर्म नेमकं काय मोजतो?

सत्र संपलं की विद्यार्थ्यांकडून अभिप्रायाचे फॉर्म भरून घ्यायचे, सरासरी काढायची आणि फाइलला लावायची, हा आपला परिपाठ. कोण चांगलं शिकवतो तेही त्यावरूनच ठरतं. या आकड्यावर माझा फारसा भरवसा नाही.

हार्वर्डचे भौतिकशास्त्राचे प्राध्यापक एरिक माझुर यांना विद्यार्थ्यांकडून उत्तम शेरे मिळत. मुलं अवघड गणितंही सोडवत. मग त्यांनी वर्गाला आकडेमोड नसलेले साधे प्रश्न घातले. अवजड ट्रक आणि हलकी मोटार धडकली, तर कोण कोणावर जास्त बल लावतं? न्यूटनचा तिसरा नियम सगळ्यांना तोंडपाठ. दोन्ही बलं सारखीच. असे प्रश्न आले आणि चांगली चांगली मुलं चुकली. एकाने तर विचारलं की उत्तरं तुम्ही शिकवलंत तशी लिहू, की मला वाटतं तशी? मला यात उद्धटपणा दिसत नाही. इतका प्रामाणिक अभिप्राय कुठल्याच फॉर्मवर मिळायचा नाही. माझुर यांनी मग शिकवण्याची रीतच बदलली. प्रश्न टाकायचा, प्रत्येकाने आपलं उत्तर ठरवायचं, शेजाऱ्याशी वाद घालायचा आणि पुन्हा उत्तर द्यायचं. वर्गात गलका होतो, होऊ द्यावा.

२०१४ साली विज्ञान, अभियांत्रिकी आणि गणिताच्या वर्गांवरचे २२५ अभ्यास एकत्र तपासले गेले. नुसत्या व्याख्यानाच्या वर्गात नापासांचं प्रमाण सुमारे ३४ टक्के, मुलांना कामाला लावणाऱ्या वर्गात २२.

खरी गोम पुढे आहे. २०१९ मध्ये हार्वर्डमध्येच झालेला एक प्रयोग प्रसिद्ध झाला. धडा तोच, टिपणंही तीच. एका गटाने मुरलेल्या शिक्षकाचं ओघवतं व्याख्यान ऐकलं, दुसऱ्याने गटागटात डोकं खाजवलं. चाचणीत दुसरा गट पुढे. पण 'किती शिकलात?' असं विचारल्यावर जास्त शिकल्याचं सांगितलं ते पहिल्याने! ओघवतं ऐकताना सगळं कळल्यासारखं वाटतं. स्वतः अडखळलं की आपल्याला काहीच येत नाही असं वाटतं. म्हणजे मुलांना विचार करायला लावणाऱ्या शिक्षकाचीच सरासरी घसरायची. कंत्राटावरचा तरुण शिक्षक हा धोका कशाला पत्करेल? मग त्याला कितीही प्रशिक्षण शिबिरांना पाठवा.

याचा अर्थ मुलांना विचारूच नये, असा नाही. त्यांना नक्की माहीत असतं ते विचारावं. तपासलेले पेपर वेळेवर परत मिळतात का, प्रकल्पात काय अपेक्षित आहे ते समजलं का, मागच्या बाकावर ऐकू येतं का. हे सत्राच्या मध्यावर विचारा, नाव न लिहिता. पुढच्याच तासाला सांगा, काय बदलतोय, काय बदलणार नाही आणि का. सत्राअखेर भरून घेतलेल्या फॉर्मचा फायदा झालाच तर पुढच्या तुकडीला होतो. भरणाऱ्या मुलांना हे पक्कं ठाऊक असतं, म्हणून ती सगळ्या रकान्यांत एकच आकडा ठोकून मोकळी होतात.