गेममधली रात्र किती अंधारी असावी?

नमस्कार श्रोतेहो. आजचा विषय जरा वेगळा आहे. घरातली पोरं संध्याकाळी कंप्युटर किंवा मोबाईल घेऊन बसतात. तलवारी, ड्रॅगन, जंगलं, पडके किल्ले असं काहीबाही चाललेलं असतं आणि आपण जाता-येता डोकावतो. या खेळांना ओपन वर्ल्ड म्हणतात. भलंमोठं मोकळं जग असतं, वाट्टेल तिकडं जा. मी स्वतः हे खेळ खेळते आणि मनापासून खेळते. त्या जगातही दिवस मावळतो, रात्र पडते. तर प्रश्न एवढाच, की ती रात्र किती अंधारी असावी?

माझं मत आधीच सांगून टाकते. अंधारी असावी, चांगली अंधारी असावी. पण अंधाराचे प्रकार असावेत आणि दिवा लावला तर त्याची किंमत मोजावी लागावी. लक्षात राहावं म्हणून परत सांगते : अंधाराला प्रकार, दिव्याला किंमत.

आता होतं काय, की बऱ्याच गेममध्ये रात्र म्हणजे दिवसावर निळा कागद चिकटवलेला. २०११ साली आलेला स्कायरिम घ्या. अप्रतिम गेम, आभाळात दोन-दोन चंद्र, पण मूळ गेममधल्या रात्री बऱ्याचशा इतक्या उजळ की मशाल पिशवीतच राहते. म्हणून खेळणाऱ्यांनीच त्याच्या रात्री काळ्या करणारे मॉड, म्हणजे गेममध्ये वरून जोडायचे बदल, बनवले. कुणी सांगितलं नव्हतं, पैसे मिळणार नव्हते, तरी लोकांनी बसून अंधार तयार केला. ही भूक कसली आहे, ते मला एका रात्रीमुळं कळलं, आणि ती रात्र सांगितल्याशिवाय मला पुढं जाता येणार नाही.

माझ्या मामाचं गाव नांदेड जिल्ह्यात कंधारकडं, मन्याड नदीच्या पट्ट्यात. मी कॉलेजात होते, येळवशीला गेलो होतो. येळवस, म्हणजे वेळ अमावस्या, हा सण काय असतो ते आपल्या भागात कुणाला सांगायला नको. दिवसभर शेतात माणसंच माणसं, भज्जी, उंडे, आंबिलीचे तांबे. दिवस मावळताना हेंडगा पेटवून शिवारातून फिरवला आणि सगळे गावाकडं परतले. मामा मात्र आखाड्यावरच, म्हणजे शेतातल्या वस्तीवरच थांबले, कारण त्या आठवड्यात लाईट रात्रीची होती आणि गव्हाला पाणी द्यायचं होतं. सणावाराचं लाईटला काय! मी हट्ट करून मागं राहिले. मामी म्हणाली, ‘‘अहो, पोरीला थंडीत कशाला थांबवायलाव?’’ मामा म्हणाले, ‘‘राहू दे, दारं धरंल.’’

दहाच्या सुमाराला आखाड्यावरचा बल्ब लागला. मामांनी स्टार्टरचं हिरवं बटण दाबलं, मोटर घरघरली आणि पाणी पाटात पडायला लागलं. मामांच्या खांद्यावर खोरं, पायात गमबूट, गळ्यात लाल मफलर. माझ्या हातात बॅटरी, नवी कोरी, चार्जिंगची, झगझगीत. आम्ही बल्बपासून लांब, खालच्या वाफ्यांकडं गेलो. येळवस म्हणजे अमावस्याच, तेव्हा चंद्राचा प्रश्नच नव्हता.

बॅटरी लावली की समोर पांढरा गोल पडायचा. त्या गोलात गव्हाचं एकेक पातं दिसायचं, पाण्यावरून वाहत जाणारी काडीसुद्धा दिसायची. गोलाच्या बाहेर मात्र काही म्हणजे काही नाही. बांध कुठंय, विहीर कुठं राहिली, मामा किती लांब आहेत, पत्ता नाही. मी गोल इकडं फिरवायची, तिकडं फिरवायची. शेवटी मामा म्हणाले, ‘‘बाई, ती बॅटरी इझव. तुला बी दिसंना अन् मला बी दिसू दीना.’’

बंद केली. पहिली काही मिनिटं खरोखर काळंकुट्ट. मग बांधाची कड सुटी झाली. मग बोरीचं झाड. मग आमच्या मागचा चढ. आणि मग, श्रोतेहो, पाणी दिसायला लागलं. गहू वीतभरच होता. कोरडा वाफा नुसता काळा, आणि भरलेल्या वाफ्यात, पातींच्या मधून, आभाळातल्या चांदण्या हलायच्या. डोक्यावर मृगाचे तीन तारे होते, तेच तीन खाली पाण्यात. मामा चांदण्या बघून सांगायचे, हा वाफा भरला, पुढचा फोड. मामांचा लाल मफलर आता काळा दिसत होता, माझी पिवळी शाल कुठल्याच रंगाची राहिली नव्हती. रंग गेले होते आणि आकार आले होते.

मध्यरात्र उलटली असेल. मामा चालता चालता थांबले. म्हणाले, ‘‘आवाज बदलला.’’ मला मोटरचीच घरघर ऐकू येत होती. ते म्हणाले, ‘‘पानी पाटात वाजंना. खाली पडायलंय कुटंतरी.’’ जागेवर उभे राहिले, खोरं जमिनीला टेकवलं, मान एकदा डावीकडं केली, एकदा उजवीकडं. आणि सरळ चालायला लागले, हरभऱ्याच्या अंगाला. मी मागोमाग. वीस-पंचवीस पावलांवर मलाही ऐकू आलं, बारीक खळखळ, उंचावरून पडणाऱ्या पाण्याची. घुशीनं पाट पोखरला होता आणि गव्हाचं पाणी हरभऱ्यात निघालं होतं.

तिथं पोचल्यावर मामा म्हणाले, ‘‘आता मार बॅटरी. पायापाशी मार, तोंडावर नको.’’ विंचूकाटा बघायला. भोक माझी मूठ जाईल एवढं होतं. गवताचा पेंडा कोंबला, वर दोन खोरी माती टाकली, गमबुटानं दाबली, पुन्हा माती, पुन्हा दाबली. खळखळ थांबली आणि लांबून पाटाचा आवाज परत आला. मामा म्हणाले, ‘‘इझव.’’ बॅटरी बंद.

रात्रभर मामांचं हेच चाललं होतं. पाय नव्या जागी टाकायचा असला की क्षणभर बॅटरी, जमिनीवर, आणि लगेच बंद. परत फिरताना मी विचारलं, आखाडा कोणत्या बाजूला? त्यांनी हात केला. लांब टॉवरचा लाल दिवा, दुसऱ्या अंगाला गावाच्या उजेडानं आभाळाची पिवळट झालेली कड. म्हणाले, ‘‘लाल दिवा डाव्या खांद्यावर ठिव, घर येतंय.’’

इथं एक गोष्ट सांगायलाच हवी. ही रात्र मला सुंदर वाटली कारण मी एकच रात्र थांबले होते. ज्यांना थंडीत आठवडाच्या आठवडा असं जागावं लागतं, साप-विंचवाच्या, काही भागांत बिबट्याच्या भीतीनं, त्यांच्यासाठी शेतीची लाईट दिवसाच हवी. सौर फिडरवर काही ठिकाणी ती दिवसा मिळायला लागली आहे, सगळ्यांना मिळो. अंधार आवडणं वेगळं आणि अंधार लादला जाणं वेगळं. बरं, विषयाकडं येते.

गेममधली रात्र मला त्या दाऱ्यावरच्या रात्रीसारखी हवी. दिवा लावला की जवळचं दिसेल, पण लांबचं जाईल. आणि लांबच्याला तुम्ही दिसाल. हे करणारे गेम आहेत. २०१२चा ड्रॅगन्स डॉग्मा बघा, तिथं रात्री खरोखर समोरचं दिसत नाही. कमरेला कंदील असतो, त्याला तेल लागतं, म्हणून रस्त्याला लागण्याआधी तेल किती उरलंय ते बघावं लागतं. २०१८चा किंगडम कम: डेलिव्हरन्स जादूटोण्याचा नाही, १४०३ सालच्या बोहेमियातला, म्हणजे आजच्या चेक देशातला आहे. तिथं रात्री गावातून मशालीशिवाय हिंडलात तर पहारेकरी हटकतात, आणि मशाल घेतली की लपणं संपलं. दिव्याला किंमत म्हणतात ती ही.

आणि अंधाराला प्रकार म्हणजे काय? उजेड लक्स या मापात मोजतात. भर दुपारच्या उन्हाचा उजेड साधारण १ लाख लक्स असतो. पौर्णिमेचं चांदणं पाव लक्सच्या आसपास. अमावस्येला नुसत्या ताऱ्यांचा उजेड त्याच्याही शेकडो पटींनी कमी, लक्सचा हजारावा भाग म्हणा. तर पौर्णिमा आणि अमावस्या यांत एवढं अंतर असताना गेममध्ये रोजची रात्र सारखीच का? अमावस्येला जंगलात जायचं की पौर्णिमेपर्यंत थांबायचं, हा विचार खेळणाऱ्याला करू द्या. पण उघड्या माळावर, ताऱ्यांखाली, शंभर टक्के काळं कधीच नसतं. तसं काळं बघायचं तर दौलताबादला जा. देवगिरीच्या त्या अंधारीत शिरा आणि सोबतचा दिवा विझवा. शत्रूला आत घेऊन चकवायला बांधलेला तो वळणावळणाचा बोगदा आहे, तिथं अंधार हीच तटबंदी. गेममध्ये गुहा अशीच असावी. माळ आणि गुहा यांत फरक पाहिजे. माळावर डोंगराची रेघ दिसावी, लांबचा एखादा दिवा दिसावा, म्हणजे डाव्या-उजव्या खांद्याचा हिशेब करता येतो.

आता डोळ्याचं थोडक्यात. अंधाराला पुरतं सरावायला डोळ्याला वीस ते तीस मिनिटं लागतात. आणि गेममधला दिवस किती असतो? माइनक्राफ्टमध्ये अख्खा दिवस-रात्र २० मिनिटांत उरकतो. २०१७च्या झेल्डा ब्रेथ ऑफ द वाइल्डमध्ये २४ मिनिटांत. स्कायरिममध्ये, सेटिंग बदललं नाही तर, ७२. म्हणजे पहिल्या दोन्हींत तर आपला डोळा सरावायच्या आत उजाडतं! शिवाय समोर पडदा चमकत असतो, त्यामुळं डोळा सरावतच नाही. म्हणून सरावण्याचं काम गेमनं करायचं. मशाल विझवली की पडदा पूर्ण काळा, मग सावकाश, आठ-दहा सेकंदांत, बांधाची कड, झाड, चढ. आणि मशाल पेटवली की ते सगळं लगेच गेलं. हे नीट केलं तर खेळणारा आपण होऊन मशाल विझवायला शिकेल. कितीतरी गेममध्ये उजेडानुसार पडदा आपोआप कमी-जास्त होतो, तेव्हा तंत्र हाताशी आहे, फक्त धीर धरायला पाहिजे.

रंगाचंही तेच. मंद उजेडात लाल आधी काळवंडतो, निळा-हिरवा त्यामानानं टिकतो. हे १९व्या शतकात पुर्किन्ये नावाच्या शास्त्रज्ञानं नोंदवलं, तोही त्या बोहेमियातलाच. तेव्हा नुसता निळा रंग फासून रात्र होत नाही, रंग काढून घ्यावे लागतात.

कुणाला अंधारात दिसावं, यालाही कारण हवं. विचर ३ मध्ये ‘कॅट’ नावाचा काढा प्यायला की गेमच्या नायकाला, गेराल्टला, अंधारात दिसतं, आणि काढा आधी बनवावा लागतो. १९९९च्या एव्हरक्वेस्टमध्ये आपलं पात्र माणूस निवडलं तर रात्री आंधळं व्हायचं आणि एल्फ, म्हणजे परीकथेतल्या जमातीतला, निवडला तर दिसायचं. मला हे फार आवडतं. माणूस एल्फच्या मागं मागं चालणार, जशी मी मामांच्या मागं. माइनक्राफ्टमध्ये २०२१च्या बदलानंतर राक्षस फक्त पूर्ण अंधारात, शून्य उजेडात जन्मतात. आधी गेमच्या मापात सातपर्यंतच्या अंधुक उजेडातही जन्मायचे. आता एक मशाल पूर्वीपेक्षा कितीतरी मोठी जागा राखते. हा आकडा एवढा खाली आणायला नको होता, असं माझं मत आहे. अंधुक कोपऱ्याची धास्ती गेली.

आणि आवाज! मी रेडिओवर बोलणारी बाई, मला हे सांगावंच लागेल. पोरं आवाज बंद करून खेळतात आणि कोपऱ्यातल्या नकाशावरच्या लाल ठिपक्यांकडं बघतात. रात्री तो नकाशा गेमनंच झाकावा आणि पाणी कुठं पडतंय, पाचोळा कुठं वाजतोय ते कानानं शोधायला लावावं. आणि अंधार फक्त गेममधूनच गेलेला नाही. आपल्या गावागावांत चौकात हायमास्ट दिवे आलेत, त्यांच्या पांढऱ्या उजेडात पारावरून आभाळच दिसत नाही. दिवे हवेतच, बायाबापड्यांना रात्री दिवा हवाच. पण त्यांचं तोंड खाली जमिनीकडं असलं, रंग जरा पिवळसर असला, तर रस्ताही दिसेल आणि चांदण्याही. आमच्या मामांना हे कुणी शिकवलं नव्हतं. पायापाशी मार, तोंडावर नको.

एक अडचण खरी आहे. आपल्याकडं पुष्कळ जण ट्यूबलाईटखाली, मोबाईलच्या पडद्यावर खेळतात. तिथं अंधारा भाग म्हणजे नुसता काळा डाग, आणि त्यात आपलंच तोंड दिसतं. काहींची नजर अधू असते, काहींना मंद उजेडात अजिबात दिसत नाही. त्यांच्यासाठी रात्र उजळ करायची सोय हवीच, ती सेटिंगमध्ये पहिल्याच पानावर हवी आणि ती वापरणाऱ्याला कमी लेखायचं नाही. बाकीच्यांनी एवढं करा. गेम सुरू करताना ब्राइटनेस विचारतात, हे चिन्ह जेमतेम दिसेल इतकं ठेवा म्हणून. ते दुपारी खिडकी उघडी ठेवून लावू नका. ज्या खोलीत, ज्या वेळी खेळता, तिथंच, त्याच दिव्यात लावा. आणि एकदा लावल्यावर रात्र पडली म्हणून वाढवू नका. नमस्कार.