रिचर्ड बोना: बेसला गळा देणारा माणूस

[दृश्य: जुनी सायकल, ब्रेकची तार]

सायकलच्या ब्रेकची ही तार. कॅमेरूनमधल्या मिंटा या खेड्यातल्या एका पोरानं अशाच तारा मोटारसायकलच्या जुन्या टाकीवर ताणल्या आणि आपली गिटार आपणच बनवली.

त्याचं नाव रिचर्ड बोना. जन्म १९६७. आजोबा ग्रिओ, म्हणजे पिढ्यांच्या कथा गाऊन जपणारे. आईसुद्धा गाणारी. खाली भोपळे बांधलेल्या लाकडी पट्ट्यांचं बालाफोन लहानपणीच हाती आलं आणि पाचव्या वर्षी पोरगा गावच्या चर्चमध्ये वाजवू लागला.

[दृश्य: फिरणारी तबकडी]

१९८०, दुआला शहर. एका फ्रेंच मालकाच्या जॅझ क्लबसाठी तेरा वर्षांचा बोना वाद्यवृंद जमवतो. जॅझची ओळख मात्र नाही! मालकाच्या तबकड्यांत जाको पास्टोरियस या अमेरिकन बेसवादकाची एक सापडते. सुई टेकते. बोनाला वाटतं, ही चुकून मिनिटाला ३३ फेऱ्यांऐवजी ४५च्या वेगानं लागलीय. तो उठून बघतो. वेग बरोबर असतो.

तिथून तो बेसचा झाला.

बेस गिटार म्हणजे मागे उभं राहून गाण्याचा पाया धरणारं वाद्य. बोनाच्या हातात ते गाऊ लागतं. बोटं जी सुरावट काढतात, तीच त्याच्या ओठांवर असते. वाद्य कुठं थांबलं आणि आवाज कुठं सुरू झाला, कळत नाही.

बाविसाव्या वर्षी जर्मनी, मग पॅरिस, १९९५मध्ये न्यूयॉर्क. मानू दिबांगो, सालिफ केता, जो झाविनुल अशा दिग्गजांची साथ. १९९९मध्ये पहिला अल्बम आला. मला अप्रूप याचं की, न्यूयॉर्कात बसूनही तो गायला मुख्यतः दुआला भाषेत. २००२च्या सुमारास अमेरिकन जॅझ गिटारवादक पॅट मेथेनीच्या ग्रुपमध्ये गेला. तिथं बेसवादक आधीच होता. बोना हवा होता तो आवाजासाठी आणि तालवाद्यांसाठी. पुढं २००५च्या ‘टिकी’ या अल्बमला ग्रॅमीचं नामांकन मिळालं.

[दृश्य: अंधारलेला रंगमंच, एकच दिवा]

आता बघा. तो बेसवरचे हात काढतो. एक ओळ गातो. पायाजवळचं यंत्र ती धरून ठेवतं आणि पुन्हा पुन्हा ऐकवतं. त्यावर दुसरी ओळ, मग खर्जातली तिसरी, मग एक उंच, बारीक सूर. मंचावर माणूस एकटा आहे, पण डोळे मिटले की मिंटाच्या चर्चमधली सगळी मंडळी गायला उभी राहिल्यासारखी वाटतात.

[आवाज हळूहळू विरतो]