भाताच्या मुळाशी वीज

श्रोतेहो, नमस्कार.

इगतपुरी-त्र्यंबकेश्वरच्या पट्ट्यात आवणी उरकली की खाचरांत पाणी साठून राहते. त्या पाण्याखालच्या काळ्या चिखलात भाताच्या रोपाला जराही न दुखवता थोडी वीज मिळू शकते, ती कशी, हे आज सांगतो.

उन्हात पानांनी तयार केलेल्या अन्नातला काही भाग रोप मुळांवाटे मातीत सोडत असते आणि जिओबॅक्टरसारखे जिवाणू त्यावर पोट भरतात. हे अन्न पचवताना सुटणारे इलेक्ट्रॉन त्यांना कुणाकडे तरी सोपवावेच लागतात. चिखलात प्राणवायू नसल्यामुळे एरवी ते मातीतल्या लोहाच्या संयुगांना देतात. तेथे कार्बनचे जाड कापड पुरले, तर इलेक्ट्रॉन त्यावर उतरतात आणि तारेने वर येऊन पाण्याच्या पृष्ठभागाजवळील दुसऱ्या कापडावर प्राणवायूला मिळतात. जिवाणूंपासून वीज मिळते, हे इंग्लंडमध्ये पॉटर यांनी १९११ मध्येच दाखवले होते. त्याला जिवंत रोपाची जोड देण्याचे बरेचसे काम नेदरलँड्समधील वागेनिंगेन विद्यापीठात झाले.

बुंध्यात तांब्याचा आणि जस्ताचा खिळा ठोकून दिवा लावणे हा प्रकार वेगळा आहे. तेथे वीज मिळते ती जस्त झिजल्यामुळे. झाडाच्या वाट्याला नुसती जखम येते.

गेल्या पावसाळ्यात मी नाशिकला घराच्या गच्चीवर एका बादलीत इंद्रायणीची रोपे लावून हा प्रयोग केला. पहिले काही दिवस मीटरचा आकडा जेमतेम हलत होता, मग तो हळूहळू ०.४ व्होल्टपर्यंत चढला. गणपतीत चार दिवस गावी गेलो, तेवढ्यात बादलीतले पाणी आटून चिखलाला भेगा पडल्या आणि आकडा जवळपास शून्यावर आला, कारण भेगांतून हवा आत शिरली होती आणि इलेक्ट्रॉन कापडापर्यंत पोचण्याआधीच प्राणवायू ते पळवत होता. रोपे मात्र टवटवीत होती! पाणी भरल्यावर आठवड्याने आकडा पुन्हा चढला.

या विजेवर मोटार चालेल, अशी आशा कृपया कुणी धरू नये. प्रयोगशाळेतसुद्धा एका चौरस मीटरमागे एक वॉटही हाती लागत नाही, आणि आपला घरातला साधा एलईडी बल्ब नऊ वॉटचा असतो. मात्र खाचरातली पाण्याची पातळी मोजून तासातून एकदा संदेश पाठवणाऱ्या छोट्या उपकरणाला दिवसभर साठवलेली एवढी वीज पुरू शकते, आणि भर पावसात, आभाळ भरलेले असताना, सौर पट्टी जेव्हा कमी पडते, तेव्हाही चिखलातले काम रात्रंदिवस चालू असते.