संमतीपत्र परत न आणणारी मुले

श्रोतेहो, नमस्कार. शाळांत व्यायामाचा तास वाढवला, पोषणाचे धडे दिले आणि मुलांच्या सवयी सुधारल्या, अशा अभ्यासांच्या बातम्या आपण वाचतो. किती मुले तपासली, हा प्रश्न आपण लगेच विचारतो. माझा पहिला प्रश्न मात्र असा असतो, की कोणती मुले राहून गेली?

ही गळती शाळा निवडतानाच सुरू होते, कारण होकार देणारे मुख्याध्यापक बहुधा उत्साही असतात आणि त्यांची शाळा पथकाला सोयीच्या रस्त्यावर असते. पुढे येते संमतीपत्र. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांप्रमाणे पालकांची संमती लागते, शिवाय ७ ते १२ वर्षांच्या मुलाचा तोंडी आणि त्याहून मोठ्याचा लेखी होकार घ्यावा लागतो. अट योग्यच आहे. मात्र सही झालेला कागद परत आला तरच मूल घ्यायचे ठरले की सहभाग बराच घटतो, आणि ‘हरकत असेल तरच कळवा’ म्हटले की बहुतेक सगळा वर्ग मिळतो, हे परदेशांतील अभ्यासांत वारंवार दिसले आहे.

सांगली जिल्ह्यात विट्याकडच्या एका गावात सातवीच्या मुलांच्या न्याहारीचा अभ्यास चालला होता आणि मी त्या पथकाबरोबर होतो. शुक्रवारी दिलेली संमतीपत्रे सोमवारी परत आली ती प्रामुख्याने शिक्षकांच्या, दुकानदारांच्या आणि द्राक्षबागायतदारांच्या मुलांची. न आणणाऱ्यांत एक मुलगा होता, ज्याचे आईवडील गलाईच्या, म्हणजे सोने-चांदी गाळून शुद्ध करण्याच्या, धंद्यासाठी तमिळनाडूत राहत आणि तो इथे आजीकडे. वर्गशिक्षिका बाई म्हणाल्या, “चला, घरीच जाऊ.” आजी जनावरांना वैरण टाकून नुकत्याच ओट्यावर टेकल्या होत्या. बाईंनी सगळा कागद वाचून दाखवला आणि शाईची डबी पुढे केली, तशी आजींनी हात पदराखाली घेतला.

“अंगठा न्हाई द्यायची. मागं असाच दिला, त्ये सोसायटीचं कर्ज अजून फिटतंय.”

बाईंनी पुन्हा समजावले, की यात कर्ज नाही, सुई नाही, औषध नाही, फक्त काही प्रश्न आहेत. आजी म्हणाल्या, “नुसतं इचारायचं हाय, तर इचारा की. कागद कशाला?” नीतिशास्त्राच्या बैठकांत इतका नेमका प्रश्न मी क्वचितच ऐकला आहे. बऱ्याच वेळाने त्या तयार झाल्या, तेव्हा पथकाच्या नियमावलीत ‘आई किंवा वडील’ एवढेच लिहिलेले निघाले. आजीचा अंगठा चालेना आणि मुलगा यादीतून गेला. तो सकाळी कोरा चहा पिऊन शाळेत येत असे. अहवालात छापले गेले, की बहुतेक मुले न्याहारी करून येतात. अभ्यासात आलेल्या मुलांपुरते ते खरे होते, वर्गापुरते नव्हते.

म्हणून पुन्हा सांगतो, राहिलेली मुले कोणती, ते विचारा. द्राक्षांच्या विरळणीच्या दिवसांत मजुरीला जाणाऱ्या आईमागे धाकट्याला सांभाळणारी मुलगी मोजणीच्या दिवशी गैरहजर असते. बीडकडून आलेल्या ऊसतोड कुटुंबातील मूल कारखान्याजवळच्या कोपीत, म्हणजे तात्पुरत्या झोपडीत, असते आणि इथल्या शाळेच्या पटावर अनेकदा नसतेच, त्यामुळे त्याची गैरहजेरीही कोठे लागत नाही. २०१६ ते २०१८ मधील राष्ट्रीय सर्वंकष पोषण सर्वेक्षण घरोघरी जाऊन झाले, त्यामुळे त्यात शाळेत न जाणारी मुलेही येऊ शकली. शाळेच्या फाटकाशी थांबणाऱ्या अभ्यासाला ते शक्य नसते.

उपाय अवघड नाहीत. पात्र मुले किती, संमती कितींची आली, अखेरपर्यंत किती टिकली, हा हिशेब अहवालात हवा, आणि राहिलेल्यांचे निदान वय, लिंग व इयत्ता तरी शाळेच्या नोंदीवरून ताडून पाहावे. वाचता न येणाऱ्या पालकासमोर त्रयस्थ साक्षीदार ठेवण्याची तरतूद आहेच, तिचा वापर करावा. मूल प्रत्यक्षात ज्यांच्याकडे राहते, त्या आजी-आजोबांच्या संमतीचा प्रश्न नीतिसमितीपुढे अभ्यास सुरू होण्याआधीच मांडावा. आणि गलाईवाल्यांच्या गावांत काम करायचे असेल, तर संमतीपत्रे गावच्या यात्रेच्या दिवसांत घ्यावीत, कारण तेव्हा परराज्यांतील आईवडील घरी आलेले असतात.